आयफोन लांबणीवर पडल्याची ‘ती’ बातमी: ई-मेल आला कंपनीतूनच, मजकूर मात्र खोटा

पहिला आयफोन विक्रीला यायला जेमतेम सहा आठवडे उरले होते. १६ मे २००७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा वाजायच्या सुमारास, ‘एन्गॅजेट’ या तंत्रज्ञानविषयक अमेरिकी संकेतस्थळानं खळबळजनक बातमी दिली. आयफोन जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये येणार आणि अ‍ॅपलच्या संगणकांसाठीची ‘लेपर्ड’ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम थेट पुढच्या जानेवारीत! काही मिनिटांतच अ‍ॅपलचा शेअर सुमारे १०८ डॉलरवरून १०३ डॉलरच्या आसपास घसरला. कंपनीचं बाजारमूल्य जवळपास ४ अब्ज डॉलरनं कमी झालं.

बातमी चुकीची होती.

नेमकं चुकलं कुठे?

एन्गॅजेटनं ही बातमी मनानं रचली नव्हती. त्यांच्या हाती एक ई-मेल लागला होता आणि तो खरोखरच अ‍ॅपलच्या अंतर्गत यंत्रणेतून कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचला होता. कर्मचाऱ्यांना तो मिळाल्याची खातरजमाही झाली होती. घोटाळा झाला तो इथेच. ई-मेल कुठे पोहोचला हे कळलं, पण तो लिहिला कोणी आणि त्यातल्या तारखा खऱ्या आहेत का, याचं उत्तर हाती नव्हतं. तरीही अ‍ॅपलचा दुजोरा मिळण्याआधीच बातमी प्रसिद्ध झाली. आजही ‘कंपनीच्या आतल्या ग्रुपमधला मेसेज’ म्हणून एखादा स्क्रीनशॉट फिरतो, तेव्हा नेमकी हीच गफलत होते.

विश्वास बसायला आणखी एक कारण होतं. महिनाभर आधी, १२ एप्रिलला, अ‍ॅपलनं स्वतःच लेपर्ड जूनवरून ऑक्टोबरवर ढकललं होतं. आयफोन वेळेत पूर्ण करण्यासाठी तिकडची माणसं इकडे वळवावी लागली, असं कारणही दिलं होतं. त्यामुळे ‘आता आणखी उशीर’ हे कोणालाही सहज पटण्यासारखं होतं.

पुढे काय झालं?

थोड्याच वेळात अ‍ॅपलनं कर्मचाऱ्यांना दुसरा ई-मेल पाठवून पहिला बनावट असल्याचं कळवलं. एन्गॅजेटनं बातमी गुपचूप काढून टाकली नाही. तिचा मथळाच बदलून आयफोन लांबणीवर पडलेला नाही, असं स्पष्ट केलं. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. शेअरही त्याच दिवशी बराचसा सावरला.

पण शेअर बाजारात झालेला व्यवहार बातमी दुरुस्त केल्यानं मागे फिरत नाही. ज्यांनी घाबरून त्या काही मिनिटांत पडत्या भावात शेअर विकले, त्यांचे शेअर गेले ते गेलेच. ते स्वस्तात उचलणाऱ्यांचा मात्र फायदा झाला.

आयफोन ठरल्याप्रमाणे जूनमध्येच, २९ तारखेला, अमेरिकेत विक्रीला आला. लेपर्ड आलं २६ ऑक्टोबरला, म्हणजे अ‍ॅपलनं एप्रिलमध्ये सांगितलेल्या महिन्यातच.