मारिओच्या मिशा

माणूस मिशा कशासाठी ठेवतो याची आजवर दोनच कारणे ऐकिवात होती. एक, अंगात पराक्रम आहे हे दाखवण्यासाठी. आणि दोन, तो नसला तरी निदान समोरच्याला तशी शंका यावी म्हणून. तिसरे कारण १९८१ साली जपानातल्या क्योटो शहरात निघाले. तोंड काढायला जागा नव्हती!

त्याचे असे झाले. क्योटोत निन्टेन्डो नावाची कंपनी. मूळ धंदा पत्ते छापण्याचा, तोही १८८९ पासूनचा. पुढे ती खेळण्यांत आणि मग व्हिडिओ गेममध्ये शिरली. तिच्या अमेरिकेतल्या शाखेने 'रडार स्कोप' या खेळाची तीन हजार यंत्रे मागवली आणि त्यातली दोन हजार गोदामात बसून राहिली. आम्हा कॉमर्सवाल्यांना असला साठा नुसता कागदावर दिसला तरी धडधडते. शेवटी ठरले, की यंत्रे तीच ठेवायची, आतला खेळ तेवढा बदलायचा. काम दिले शिगेरू मियामोटो नावाच्या पोरसवदा चित्रकाराला. प्रोग्रॅमिंग हा त्याचा प्रांतच नव्हता.

नायकाला पडद्यावर जागा किती, तर सोळा ठिपके लांब नि सोळा ठिपके रुंद. एवढ्या जागेत कुणाचा चेहरा काढायचा? नाक मोठे केले आणि खाली मिशा चिकटवल्या. तोंडाचा प्रश्न मिटला. पळताना केस हलताना दाखवणे जमेना, टोपी घातली. हात शरीरात मिसळून जाऊ लागले, म्हणून बाहीचा रंग वेगळा आणि वर डांगरी. अशा रीतीने एकामागून एक अडचणी झाकत गेल्यावर जे काही शिल्लक उरले, त्याचे नाव मारिओ. हे नावही गोदामाच्या घरमालकाचे, असे सांगतात. भाडे मागायला आलेल्या घरमालकाला अजरामर करणारे हे जगातले बहुधा एकमेव भाडेकरू! दोन हजार पडीक यंत्रे 'डाँकी काँग' होऊन धडाधड उठली.

पुढे १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत. आज मोबाइलवर 'सुप्रभात'चा जो गुलाब रोज पहाटे येऊन आदळतो, तो याहून जड असतो. त्या खेळातले ढग आणि झुडपे नीट पाहा. चित्र एकच आहे. पांढरे रंगवले की ढग, हिरवे रंगवले की झुडूप. सकाळची पोळी रात्री फोडणीला टाकून तिला 'माणिकपैंजण' म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला यात नवल वाटायचे नाही, आदर मात्र वाटेल.

हा सगळा इतिहासच असा आहे. अडचण येते, कुणीतरी ती दूर करायचा कंटाळा तरी करतो किंवा तिच्यातच गंमत शोधतो, आणि लोक त्याला कला म्हणतात. १९७२ चा 'पाँग' घ्या. पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू. अ‍ॅलन अल्कॉर्न या इंजिनिअरला सरावासाठी दिलेले काम होते ते. मंडलात काहीतरी राहून गेले आणि फळ्या पडद्याच्या पार वरच्या टोकापर्यंत जाईनात. त्याने ते तसेच ठेवले. कारण फळी सगळीकडे पोचली असती, तर दोन तरबेज खेळाडू सकाळपर्यंत हटले नसते. पुढे सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ते यंत्र ठेवले आणि थोड्याच दिवसांत बंद पडले. उघडून पाहतात तो काय, नाण्यांची पेटी ओसंडून वाहत होती!

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ची तऱ्हाही तीच. परग्रहावरचे पंचावन्न प्राणी एकदम पडद्यावर. बिचारा प्रोसेसर त्यांना ओढता ओढता मेटाकुटीला येई. एकेक मरत जाई तसा भार कमी होई आणि उरलेले भराभर पळू लागत. कर्त्याने, तोमोहिरो निशिकादोने, हे पाहिले आणि तसेच राहू दिले. शेवटचा उरलेला प्राणी जिवाच्या आकांताने धावतो आणि खेळणाऱ्याच्या तळहाताला घाम सुटतो. हे नाट्य यंत्राच्या दमण्यातून निघाले आहे.

या सगळ्या मंडळींत माझा जीव जडला आहे तो गुनपेई योकोई या गृहस्थावर. १९६५ साली हे निन्टेन्डोत लागले ते पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला. वेळ जाईना म्हणून लांबून वस्तू पकडणारा एक लाकडी चिमटा करून खेळत बसत. एके दिवशी मालक यामाउचींनी तो पाहिला. आमच्याकडे अशा प्रसंगी मेमो मिळतो. योकोईंना हुकूम मिळाला, की याचे खेळणे करून बाजारात आणा. ते दहा लाखांवर खपले.

योकोईंचे तत्त्व असे, की तंत्रज्ञान वाळलेले घ्यावे आणि विचार आडवा करावा. म्हणजे माल जुना, स्वस्त, खात्रीचा, कल्पना ताजी. आगगाडीत कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढणारा एक नोकरदार पाहून त्यांना खिशातला खेळ सुचला, आणि १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाले. १९८९ साली 'गेम बॉय' आला तेव्हा प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते आणि योकोईंकडे शेवाळी रंगाचा काळपट चौकोन. पण रंगीतवाले सहा सेल खात आणि काही तासांत माना टाकत. हा चार सेलवर कितीतरी जास्त चाले. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून अकरा कोटींच्या वर खपले. आखाती युद्धात होरपळून वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षे मांडून ठेवला होता. चालू स्थितीत!

१९९५ साली मात्र त्यांचा 'व्हर्च्युअल बॉय' पडला. डोळ्यांना लाल अंधार आणि मानेला कळ. पुढच्याच वर्षी योकोईंनी कंपनी सोडली, आणि १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. ज्याच्या आखणीत त्यांचा हात होता तो 'वंडरस्वॅन' १९९९ मध्ये बाजारात आला. तो एका सेलवर चालायचा. एका! हे वाचले त्या दिवशी मी जेवताना फारसा बोललो नाही.

आता पुढे काय? पूर्वी कन्सोल जुना होई तशी किंमत उतरे. प्लेस्टेशन ५ ची किंमत २०२५ मध्ये अमेरिकेत चढली. घसारा उलटा लिहिल्यासारखे झाले हे. २०२४ चा 'प्रो' तर आला तेव्हाच सातशे डॉलरला होता, तोही तबकडीच्या खणाशिवाय. त्याच वर्षी 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ कंपनीने सर्व्हर बंद करून संपवला. पैसे मोजून घेतलेल्यांच्या घरातल्या तबकड्या चहाच्या कपाखाली ठेवण्याजोग्या झाल्या. कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की असला माल विकताना गिऱ्हाइकाला सांगा, बाबा रे, तू वस्तू घेत नाहीस, परवाना घेतो आहेस.

भाच्याने मला स्विच २ च्या नव्या काडतुसांची माहिती दिली. काहींत खेळ नसतोच, नुसती किल्ली असते; खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा.

"म्हणजे लॉकरची किल्ली तुझ्याकडे," मी म्हटले, "आणि लॉकर?"

"कंपनीकडे."

"आणि कंपनीने लॉकर बंद केला तर?"

"मामा, किल्ली राहतेच की आपल्याकडे!"