वाऱ्याने घडवलेली सायकल

ट्रायथलॉन आधी आलं. त्याची खास सायकल यायला पुढे बरीच वर्षं गेली. पुण्यात माझ्याकडे बाइक-फिट करून, म्हणजे सायकल आपल्या मापाला बसवून, घ्यायला येणाऱ्या नवख्या मंडळींना मी हे आवर्जून सांगते. त्यातले बरेच जण त्या खास सायकलचा, म्हणजे टीटी (टाइम ट्रायल) बाइकचा फोटो मोबाइलवर घेऊनच आलेले असतात. ती सायकल सुंदर दिसते, हे मलाही मान्य आहे. पण ती तशी का झाली, हे कळल्याशिवाय घेऊ नये.

25 सप्टेंबर 1974 रोजी सॅन दिएगोच्या मिशन बेवर सॅन दिएगो ट्रॅक क्लबच्या जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन यांनी एक शर्यत भरवली. 46 जण उतरले. धावणं 6 मैल, सायकल जेमतेम 5 मैल आणि पोहणं तुकड्यातुकड्यांत. एवढ्याशा अंतरासाठी कोण खास सायकल घेणार?

प्रश्न उभा राहिला तो हवाईत. त्या 46 जणांत नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी होत्या. पुढे ओआहू बेटावर त्यांनी तिथल्याच तीन शर्यती सलग जोडल्या. त्यातली सायकलची शर्यत एरवी दोन दिवसांत पार पडायची! 18 फेब्रुवारी 1978 ला 15 जण सुटले, 12 पोहोचले. गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पहिला आला. सायकलचं अंतर 112 मैल, म्हणजे 180 किलोमीटर; आणि खाली उतरलं की त्याच पायांनी मॅरेथॉन.

1981 मध्ये ही शर्यत हवाईतल्याच कोना भागात गेली. लाव्हाच्या काळ्या माळातून जाणारा रस्ता, सावलीचं नाव नाही, आडवा वारा. त्यात ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने चालवायला, बंदी. नेहमीची रोड बाइक घडली होती घोळक्यासाठी: चटकन वळायला, ब्रेक दाबायला, एकदम वेग घ्यायला. इथे माणूस तासन्‌तास एकटा वाऱ्याशी झुंजतो, म्हणून शरीर लहान कसं करायचं याचा शोध सुरू झाला. उत्तर आलं बर्फावरून. बून लेनन हे अमेरिकेतले स्कीइंगचे प्रशिक्षक. उतारावर स्की करणारे अंग आकसून हात पुढे जुळवतात, तीच बैठक त्यांनी सायकलवर आणली. त्यांचे एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून हात पुढे धरायचे हँडलवरचे दांडे, ट्रायथलॉनवाल्यांनी आधी उचलले. 23 जुलै 1989 ला ग्रेग लमाँडने ते लावून टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा मारला, 50 सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि लॉराँ फिन्याँला 8 सेकंदांनी हरवलं. मग सगळ्या जगाचं लक्ष गेलं.

मला मात्र त्याहून जास्त भावतं ते कॅलिफोर्नियातल्या डॅन एम्पफील्ड यांचं काम. जुन्या फ्रेमवर एरोबार लावून वाकलं की मांड्या पोटाकडे येतात आणि कंबर आवळली जाते. त्यांनी सीटची नळी जवळजवळ उभी केली. 73 अंशांच्या आसपासचा कोन 80 च्या जवळ गेला, बसणारा पुढे सरकला, कंबर मोकळी झाली. सायकल बनवताना त्यांनी सायकलवरून उतरून धावणाऱ्याचा विचार केला होता. फिट करताना आजही मी त्याच कोनापाशी सर्वांत जास्त वेळ घालवते.

2000 साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं. सायकल 40 किलोमीटर, आणि ड्राफ्टिंगला परवानगी. कॅनडाच्या सायमन व्हिटफिल्डने सुवर्णपदक जिंकलं ते खाली वळलेल्या हँडलच्या रोड बाइकवर. घोळक्यात कोपरं टेकवून चालवणं धोक्याचं. त्या बैठकीत ब्रेक हाताशी नसतात.

पुण्याच्या रस्त्यावर सराव करणाऱ्याला हाच धोका रोजचा आहे. स्पीड ब्रेकर, मध्येच आडवी येणारी रिक्षा, कुत्री. तिथे बोटं ब्रेकवरच हवीत. 2019 पासून गोव्यात हवाईच्या त्या शर्यतीचं अर्ध्या अंतराचं रूप, आयर्नमॅन 70.3, होऊ लागलं, तेव्हापासून 90 किलोमीटरच्या ओढीने थेट टीटी बाइक घेणारे वाढले आहेत. मी त्यांना थांबवते. पहिल्या छोट्या, म्हणजे स्प्रिंट, शर्यतीत सायकल 20 किलोमीटर असते. त्यासाठी आपल्या मापाच्या फ्रेमची साधी रोड बाइक पुरते, चांगली जुनी मिळाली तरी चालेल. माप चुकलं तर मात्र महागडी फ्रेमही कंबर धरते. गोव्यासाठी नाव नोंदवलंत की याच हँडलवर एरोबार चढवू, सीट थोडी पुढे घेऊ, आणि मोकळ्या रस्त्यावर काही आठवडे त्या बैठकीत चालवून, लगेच उतरून धावून पाहू.