दोन खुर्च्यांचा सौदा : अटलांटिक सिटी, १९६४

आजचा भाग अमेरिकेच्या निवडणुकांवर आहे, पण आज ना ट्रम्प, ना बायडन. आज आपण जाणार आहोत १९६४ सालात.

अमेरिकन निवडणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोव्हेंबरमधली ती रात्र येते. लाल-निळा नकाशा, २७० चा आकडा, टीव्हीवरचा आरडाओरडा. पण हा झाला शेवटचा अंक. त्याच्या कितीतरी आधी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, मतदार यादीत नाव कुणाचं आहे. आणि दोन, उमेदवार निवडताना पक्षाच्या खोलीत कोण बसलंय. आपल्या भाषेत, तिकीट कोण ठरवतं. मिसिसिपी राज्यातल्या काही गरीब माणसांना ही दोन्ही दारं बंद होती. ती त्यांनी कशी ठोठावली, त्याची ही गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० साली पंधरावी दुरुस्ती झाली. वंशावरून किंवा रंगावरून कुणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असं कागदावर आलं. मग दक्षिणेकडच्या राज्यांनी पळवाटा शोधल्या. मिसिसिपीने १८९० साली स्वतःची नवी राज्यघटना केली. त्यात रंगाचा उल्लेखच नाही! फक्त अटी घातल्या. मत द्यायचंय? मग पोल टॅक्स भरा. शिवाय राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा अधिकारी. आता निकाल काय लागत असेल ते तुम्हीच ओळखा.

आणि पक्षाचं काय? त्या काळात दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं. पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी, जो जिंकला तो आमदार झालाच म्हणून समजा. म्हणून अनेक राज्यांत या प्रायमरीमध्ये फक्त गोऱ्यांनाच मत होतं. पक्ष म्हणजे खाजगी क्लब, आम्ही कुणाला आत घ्यायचं ते आम्ही बघू, असा युक्तिवाद. १९४४ साली टेक्ससच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा प्रकार बेकायदा ठरवला. पण मतदार यादीतच नाव नसेल तर कोर्टाचा निकाल घेऊन करणार काय? मिसिसिपीत दहातली चार माणसं कृष्णवर्णीय होती. आणि १९६४ साली, मतदानाला पात्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ६.७ टक्के लोकांची नावं यादीत होती.

आता या गोष्टीत येतात फॅनी लू हेमर. वीस भावंडांत सगळ्यात धाकट्या. घरची शेती नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचा. लहानपणापासून कापूस वेचलेला, शाळा थोडीच. पुढे एका गोऱ्या मालकाच्या मळ्यावर मजुरांची हजेरी आणि कापसाचं वजन नोंदवायचं काम त्या करायच्या. ऑगस्ट १९६२ मध्ये गावातल्या चर्चमध्ये सभा झाली, आणि तिथे चव्वेचाळीस वर्षांच्या हेमरबाईंना पहिल्यांदा कळलं की आपल्यालाही मत देण्याचा हक्क आहे.

३१ ऑगस्टला अठरा जण बसने इंडियानोला या तालुक्याच्या गावी नाव नोंदवायला गेले. हेमरबाईंना कलम आलं 'डी फॅक्टो' कायद्यांवरचं. वकिलालाही विचार करावा लागेल असा प्रश्न. नापास. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड ठोकला. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा! संध्याकाळी घरी पोचतात तर मालक हजर. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्याच रात्री त्यांनी मळा सोडला. अठरा वर्षांचं काम गेलं, डोक्यावरचं छप्पर गेलं. काही दिवसांनी, त्या ज्या घरी उतरल्या होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. नशिबाने त्या रात्री त्या तिथे नव्हत्या.

त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि जानेवारी १९६३ मध्ये पास झाल्या. पण मत देता येईना, कारण पोल टॅक्सच्या मागच्या पावत्या नव्हत्या. जूनमध्ये एका प्रशिक्षण शिबिरातून परतताना विनोना गावात त्यांना सोबत्यांसह अटक झाली. तुरुंगात इतकी मारहाण झाली की मूत्रपिंड आणि डोळा कायमचे दुखावले.

"यांना मतदानात रसच नाही," असं गोरे पुढारी बिनदिक्कत सांगायचे. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर १९६३ मध्ये कार्यकर्त्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. राज्याच्या अधिकृत निवडणुकीला समांतर अशी स्वतःचीच निवडणूक घेतली. चर्चमध्ये, दुकानांत, रस्त्याकडेला मतपेट्या. मोजली जाणार नाहीत हे माहीत असूनही सुमारे ८० हजार लोकांनी मतं टाकली. रस नाही म्हणे!

मग एप्रिल १९६४ मध्ये पुढचं पाऊल. 'मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी' स्थापन झाली. नावात 'डेमोक्रॅटिक' मुद्दाम ठेवलेलं. त्यांचं म्हणणं असं की राज्यातला अधिकृत पक्ष आम्हाला आत घेत नाही, आणि पक्षाच्या राष्ट्रीय उमेदवारालाही धड पाठिंबा देत नाही. मग खरे डेमोक्रॅट कोण? त्या उन्हाळ्यात लोक आधी अधिकृत पक्षाच्या स्थानिक बैठकांना गेले. कुठे हाकलून दिलं, कुठे दाराला कुलूप. मग त्यांनी पक्षाचे नियम पाळून आपल्या बैठका घेतल्या. आधी मतदान केंद्राची, मग काउंटीची, मग राज्याची. त्यातून राष्ट्रीय अधिवेशनासाठी ६८ प्रतिनिधी निवडले. त्यात चार गोरेही होते.

हे सगळं शांतपणे चाललं होतं असं समजू नका. जूनमध्ये चळवळीत काम करणारे तीन तरुण बेपत्ता झाले, एक कृष्णवर्णीय, दोघे गोरे. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह एका मातीच्या बंधाऱ्याखाली सापडले. आणि त्याच महिन्यात हे ६८ जण बसमध्ये बसून अटलांटिक सिटीला निघाले.

तिथे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना उमेदवारी मिळायची होती. हे तेच जॉन्सन, ज्यांनी नुकतीच जुलैमध्ये नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. त्यांना अधिवेशनात गडबड नको होती. मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींना बाहेर काढलं तर दक्षिणेतली बाकीची राज्यंही उठून जातील, ही भीती.

२२ ऑगस्टला खरे प्रतिनिधी कोण हे ठरवणाऱ्या समितीपुढे हेमरबाई बोलायला बसल्या. टीव्हीचे कॅमेरे चालू. बस, मळा, गोळ्या, तुरुंग, सगळं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. हातात कागद नाही. आणि तेवढ्यात जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये अचानक पत्रकारांसमोर आले. कॅमेरे तिकडे वळले. बोलणं काय, तर केनेडींच्या हत्येला आज नऊ महिने झाले. डाव लक्षात आला ना? पण तो उलटला. त्या रात्री वाहिन्यांनी हेमरबाईंची साक्ष पुन्हा दाखवली, आणि देशभरातल्या घराघरांत ती पोचली.

मग सुरू झाली पडद्यामागची रस्सीखेच. उपाध्यक्षपदाचे इच्छुक ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे जॉन्सननी हे प्रकरण मिटवायची जबाबदारी दिली. शेवटी तोडगा निघाला असा: ६८ पैकी दोघांना खुर्च्या. तेही मिसिसिपीचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, 'ॲट लार्ज' प्रतिनिधी म्हणून. ते दोघे कोण, हेही वरूनच ठरलं, आणि त्यात हेमरबाई नव्हत्या. शिवाय आश्वासन दिलं की १९६८ पासून भेदभाव करणाऱ्या राज्याला अधिवेशनात जागा मिळणार नाही.

घ्यावं की नाही? नागरी हक्क चळवळीतले काही मोठे नेते म्हणत होते, घ्या, राजकारणात तडजोड करावी लागते. हेमरबाईंचा रोख उलट होता: आम्ही सगळे एवढ्या लांबून फक्त दोन खुर्च्यांसाठी आलेलो नाही. प्रतिनिधींनी मतदान केलं आणि सौदा नाकारला. मजा म्हणजे, मिसिसिपीचे बहुतेक गोरे प्रतिनिधीही पक्षाच्या उमेदवाराशी निष्ठेची शपथ नको म्हणून निघून गेले.

मग ही माणसं हरली का? त्या आठवड्यापुरतं पाहिलं तर हो. नोव्हेंबरमध्ये जॉन्सन ४८६ विरुद्ध ५२ असे प्रचंड जिंकले. मिसिसिपीत मात्र रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटरना ८७ टक्के मतं. पण थांबा, ८७ टक्के कुणाची? यादीत ज्यांची नावं होती त्यांची! निवडणुकीचा आकडा बघताना हा प्रश्न विसरायचा नाही.

आणि पुढचं बघा. ऑगस्ट १९६५ मध्ये मताधिकार कायदा झाला. मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा इथे मोर्चेकऱ्यांवर झालेला लाठीमार देशाने टीव्हीवर पाहिला होता, त्याचा दबाव होताच. साक्षरतेच्या परीक्षा थांबल्या, गरज पडेल तिथे केंद्राचे अधिकारी नावं नोंदवायला येऊ लागले. १९६७ पर्यंत मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ वरून ५९.८ टक्क्यांवर गेली. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात भेदभाव करणाऱ्या जुन्या शिष्टमंडळाला पक्षाने खरोखर बाहेर ठेवलं. त्या जागी मिश्र शिष्टमंडळ बसलं, आणि त्यात फॅनी लू हेमर होत्या. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

त्याच शिकागोत प्रायमरीच्या फंदात न पडलेल्या हम्फ्रींना पक्षाच्या पुढाऱ्यांनी उमेदवारी दिली. त्यावर इतका गदारोळ झाला की पक्षाने सुधारणा समिती नेमली. १९७२ पासून प्रायमरींची संख्या वाढत गेली. आज अमेरिकेत साधा मतदार पक्षाचा उमेदवार निवडतो, ती पद्धत या काळात घडली.

याची किंमतही होती. जॉन्सनची भीती खोटी नव्हती. दक्षिणेतले गोरे मतदार पुढच्या काही दशकांत डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकनांकडे गेले. आजचा दक्षिणेचा लाल नकाशा त्यातूनही आलाय. आणि २०१३ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी मताधिकार कायद्याचा एक महत्त्वाचा भाग निष्प्रभ केला. निवडणुकीचे नियम बदलण्याआधी काही राज्यांना केंद्राची परवानगी लागायची, ती लागेनाशी झाली. म्हणजे यादीत कोण आणि खोलीत कोण, हे भांडण अजून चालूच आहे.

हेमरबाई १९७७ साली गेल्या. त्या निवडणुकीला उभ्याही राहिल्या, पण जिंकल्या नाहीत. तरी पुढच्या वेळी अमेरिकेतला तो लाल-निळा नकाशा फोनवर पाहाल, तेव्हा इंडियानोलाची ती बस आठवा. आपल्याही मतदार यादीत आपलं नाव आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आज तपासून बघा.