राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण

भारतातील कुटुंबांचे आरोग्य, पोषण, प्रजनन आणि राहणीच्या सवयी यांची घरोघर जाऊन केली जाणारी नमुना पाहणी. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयासाठी मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) ती करते. पहिली फेरी १९९२–९३ मध्ये झाली. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेण्यात आली. पहिल्या फेरीत एकूण जननदर (दर स्त्रीमागे सरासरी मुले) ३.४ होता, पाचवीत तो २.० वर आला.

दवाखान्याच्या नोंदवहीत तिथवर पोचलेलाच माणूस सापडतो. जो पोचलाच नाही त्याची गणती करणे, हे या पाहणीचे खरे मोल. त्यासाठी आधी गावे आणि शहरांतले गणना गट निवडतात, तिथल्या घरांची यादी करतात आणि यादीतून ठरावीक अंतराने घरे घेतात. निवडलेल्या घराला कुलूप असले तरी शेजारचे घर चालत नाही, पुन्हा त्याच दारी जावे लागते. नाहीतर दिवसभर मजुरीला जाणारी कुटुंबेच गळून पडतील.

१५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांच्या मुलाखती मुख्य असतात. पुरुषांच्या मोजक्याच घरांत होतात. आहार, तंबाखू, दारू यांविषयी विचारतात. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला, ती एकटी असतानाच विचारायचे, हा नियम अत्यंत मोलाचा आहे. एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न सोडून देतात.

सांगितलेल्या उत्तराला मोजमापाची जोड असते. उंची, वजन मोजतात, पाचव्या फेरीपर्यंत हिमोग्लोबिनही तपासत. चौथ्या फेरीपासून रक्तदाब व रक्तशर्कराही तपासतात, कारण आपला रक्तदाब वाढलेला आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते. महाराष्ट्रात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीतील ४८ टक्क्यांवरून पाचवीत ५४.२ टक्के झाले. मात्र हे प्रमाण मोजण्यासाठी बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाऐवजी शिरेतून काढलेले रक्त तपासावे, असे अनेक तज्ज्ञांचे म्हणणे आहे. वाद रास्त आहे, पण त्यापायी स्त्रियांच्या ताटाचा प्रश्न मागे पडू नये.

पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्र आणि गोव्याचे काम करोनापूर्वी आटोपले. उत्तर प्रदेश, तामिळनाडू यांसारख्या राज्यांचे महासाथीमुळे २०२१ पर्यंत लांबले. राज्याराज्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.