भांगेच्या बिया : नशा नव्हे, अन्न

भांगेच्या बिया म्हटले की तुम्ही दचकता ना? कुमाऊँमध्ये मात्र त्या भाजून, वाटून, लिंबू पिळून चटणी करतात. नशेचे द्रव्य मुख्यतः फुलोऱ्यात असते, बीमध्ये नाही. म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोऱ्याविना असलेल्या बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना अन्न म्हणून मान्यता दिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी प्रथिनांचा कस तपासताना याच बियांतले एडेस्टिन उंदरांना खाऊ घातले होते.

सोललेल्या ३० ग्रॅम बियांत सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय ओमेगा-३ सुद्धा. लायसिन कमी असते, म्हणून सोबत वरण घ्या. बिया परवानाधारक उत्पादकाच्याच घ्या. फुलोरा मिसळलेल्या नकोत.