‘सावकारी पाश’ : ऋण, दारिद्र्य आणि एक हरवलेलें साधन

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांस कर्जरोखा हा अपरिचित कागद नव्हे. जुन्या दप्तरांत गहाणखतें, खतावण्या व हुकूमनामे विपुल सांपडतात. मुद्दल, व्याज, तिथि, साक्षी व नांगराची निशाणी एवढें त्यांतून कळतें. परंतु जमीन सावकाराच्या नांवावर चढली कीं ऋणको कागदांतून नाहींसा होतो. तो पुढें कोठें गेला, काय काम करूं लागला, काम न मिळाल्यास कसा जगला, याविषयीं रोखा मुका आहे. या पुढच्या भागाकडे वळलेलें एक साधन म्हणजे चित्रपट होय. त्याची परीक्षाही आपल्या नेहमींच्या रीतीनेंच व्हावी, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांत सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले व तो दंगा पुणें आणि तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे मागून घ्यावे आणि जाळावे, न दिल्यास बळजोरी करावी, असा एकंदर प्रकार. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ त संपल्यावर कापसाचा भाव उतरला. १८६७ पासून फेरआकारणीनें सारा वाढला. आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें दर तीन वर्षांनीं रोखा नवा करून व्याज मुद्दलांत मिळविण्याची चाल पडली. पुढें १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. अर्थात् कागद खोटें बोलूं शकतो, ही गोष्ट सरकारासही मान्य करावी लागली.

याच विषयावर कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरि आपटे यांची, व तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत व्ही. शांताराम. सावकाराच्या कचाट्यांत सांपडून शेत गमावलेला हा तरुण शहराची वाट धरतो व गिरणींत मजूर होतो. पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांस सरावलेल्या प्रेक्षकांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं. तथापि रोखा जेथें थांबतो तेथून ही कथा पुढें चालते, हेंच तिचें महत्त्व. १८७५ चा शेतकरी कागद जाळण्यास धांवला; चित्रपटांतील शेतकरी गांव सोडतो. या दोहोंमधील पन्नास वर्षांत गिरणी हा निर्वाहाचा नवा मार्ग झाला होता, हें विसरून चालणार नाहीं.

आतां पाठचिकित्सेचा प्रश्न. ‘सावकारी पाश’ च्या दोन आवृत्त्या आहेत : १९२५ चा मूकपट, आणि पेंटर यांनींच १९३६ सालीं काढलेला बोलपट. मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. जे. बी. एच. वाडिया यांनीं अंधुक प्रकाशांतील उदास झोपडी व कुत्र्याचें विव्हळणें यांची आठवण सांगितली आहे, ती पुष्कळदां मूकपटाच्या वास्तवदर्शनाचा पुरावा म्हणून पुढें केली जाते. परंतु ती बोलपटाविषयींची आहे. मूकपटांत कुत्र्याचा स्वर कोठून ऐकूं येणार? दोन पाठांची अशी सरमिसळ पोथीच्या बाबतींत आपण क्षम्य मानणार नाहीं. मग येथेंच कां मानावी?

कागदाचें हें सामर्थ्य केवळ महाराष्ट्रापुरतें नाहीं. बिमल रॉय यांच्या १९५३ च्या ‘दो बीघा जमीन’ मध्यें खोट्या हिशेबानें ६५ रुपयांचें कर्ज २३५ रुपयांवर जातें, आणि शंभू कलकत्त्यास रिक्षा ओढण्यास जातो. मेहबूब यांच्या १९५७ च्या ‘मदर इंडिया’ मध्यें ५०० रुपयांच्या कर्जापायीं पिकाचा तीनचतुर्थांश व्याजांत जातो. प्रांत निराळा, भाषा निराळी. परंतु निरक्षर मनुष्य व लिखित अंक यांचा सामना तोच. हे चित्रपट विशिष्ट घटनेचा पुरावा नव्हेत हें खरें. तथापि त्या काळच्या लोकांनीं दारिद्र्याचें कारण कशांत पाहिलें, याचा ते उत्तम पुरावा आहेत.

मूकपटाच्या काळांतील फीत ज्वालाग्राही असे, शिवाय तींतील रुप्याकरितां ती गाळलीही जाई. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंपर्यंत बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. परंतु पेंटर यांच्याच १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ चें जाहिरातचित्र टिकलें आहे. म्हणजे फीत गेली तरी कागद राहतो. यास्तव संग्राहकांस विनंती अशी कीं, जुन्या रुमालांत हस्तपत्रक, कथापुस्तिका किंवा भित्तिपत्रक आढळल्यास तें अर्वाचीन म्हणून टाकूं नये. ज्या रुमालांत शेत गेल्याचा रोखा आहे, त्याच रुमालांत शेत गेलेल्या मनुष्याचा पुढील मागही असूं शकेल.