दोन यंत्रे आणि मधला तिसरा

इतिहास म्हटला की सातारकराच्या डोळ्यांपुढे प्रथम अजिंक्यतारा उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या इतिहासाविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत तो कुठल्याही गडावर घडलेला नाही. तो घडला तांब्याच्या तारेच्या दोन टोकांमध्ये, आणि त्याची खरी ओळख आम्हांला झाली ती आमच्या युनियनच्या कचेरीतील एका टेबलावर. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते कामगारांच्या संगतीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिती थाटाची अपेक्षा न ठेवता ही हकीकत ऐकावी, एवढीच विनंती.

२००४ सालची गोष्ट. आमच्या एका कामगार मित्राच्या मुलाला संगणकांच्या जाळ्याचे शिक्षण घ्यावयाचे होते. क्लासची फी झेपण्यासारखी नव्हती. म्हणून त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले दोन राउटर आणले. सिस्को २५०३ असे त्यांचे नाव. राउटर म्हणजे टपालातला सॉर्टर समजा. आलेल्या पाकिटावरचा पत्ता वाचावयाचा आणि ते योग्य वाटेने पुढे धाडावयाचे, एवढेच त्याचे काम. घरात जागा नाही म्हणून यंत्रे आमच्या कचेरीत आली. दोन्हींना आयएसडीएनचे तोंड होते. मुलाने तारेचे एक टोक एका यंत्रात, दुसरे दुसऱ्यात खुपसले, आणि दोन्ही चालू केली. काही घडेना. तारेची जोडणी उलटसुलट करून झाली. दोन रात्री गेल्या. यंत्रे मुकी ती मुकीच.

शेवटी टेलिफोन खात्यात हयात घालवलेल्या एका तंत्रज्ञ मित्रास आम्ही बोलावले. त्याने यंत्रांकडे एकवार पाहिले आणि तो हसून म्हणाला, "अहो, दोन्हीकडे वरपक्षच बसलाय. मांडव कुणी घालायचा?"

त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. आम्ही समजत होतो की संभाषणास दोन पक्ष लागतात. वास्तविक तीन लागतात. तारायंत्रापासून आजपर्यंतचा सारा इतिहास हा त्या मधल्या तिसऱ्याचा इतिहास आहे, आणि तोच नेमका कुणी लिहीत नाही.

आपल्याच जिल्ह्याचे पाहा. १९४२ च्या लढ्यात सातारा जिल्ह्यात तारा तोडल्या गेल्या. तेव्हा जिल्हा अखंड होता. तासगाव, वाळवा, खानापूर हे सारे त्यातच होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे सांगली हे नाव पडले. तार तोडणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या पोराला विद्युत्शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु कलेक्टर आणि फौजदार यांच्यामध्ये जो दुवा आहे तो तुटला की राज्य आंधळे होते, हे त्याने बरोबर ओळखले होते. पुढे चार वर्षांनी, ११ जुलै १९४६ रोजी, टपाल कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. तारेला कुणी हात लावला नाही, पेट्या जागच्या जागी होत्या. तरीही पत्र पोचेना. मधला हात थांबला की काय होते, हे दोन्ही टोकांच्या लोकांना तेव्हा समजले.

टेलिफोनची गोष्टही हीच. १८८२ साली मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले. एक्स्चेंज म्हणजे काय? शंभर घरांतून शंभर तारा एका खोलीत आणावयाच्या आणि तिथे बसलेल्या माणसाने ज्याला ज्याच्याशी बोलावयाचे त्याची त्याच्याशी गाठ घालून द्यावयाची. आमच्या लहानपणी साताऱ्याहून मुंबईशी बोलणे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसणे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत. बोलणे ऐन रंगात आले की मधूनच आवाज येई, "तीन मिनिटे झाली." त्या आवाजाचा आम्हांला राग येई. तो आवाज आहे म्हणूनच आपले बोलणे चालले आहे, हे त्या वयात कुठून कळणार?

या माणसाला मधून काढण्याचा उद्योग फार जुना आहे. अमेरिकेत स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरविणारा एक व्यापारी होता. एक्स्चेंजमधील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय होता असे सांगतात. त्याने माणसाविना तारा जोडणारे यंत्र काढले आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आपल्याकडे १९६० साली लखनौ-कानपूर या शहरांमध्ये ट्रंक नोंदविल्यावाचून थेट बोलण्याची सोय झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी लहान एक्स्चेंज तयार केले. धूळ आणि उकाडा सोसणारे, थंड खोलीवाचून चालणारे. त्यातले पहिले १९८६ साली आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला बसले. मग गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ उभे राहिले.

आयएसडीएन ही या परंपरेतली पुढची पायरी. १९८४ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९८८ साली जपानने ही सेवा सुरू केली. पुढे आपल्याकडेही ती आली. तार तीच, घराघरांत गेलेली तांब्याची जोडी. मात्र तिच्यावरून आवाजाच्या लहरींऐवजी आकडेच धावू लागले. त्या एका जोडीवर तीन वाटा केल्या. दोन वाटा मालाच्या, प्रत्येकी सेकंदाला ६४ हजार बिटांच्या. तिसरी वाट १६ हजारांची. हिच्यावरून माल न जाता निरोप जातात: अमक्या नंबराला हाक द्या, त्याने होकार दिला, वाट मोकळी करा, काम संपले.

आता हा निरोप यंत्र कुणाला देते? समोरच्या यंत्राला नव्हे, एक्स्चेंजला. यंत्राला त्या तारेवरची ओळख नेमून द्यावयाची ती एक्स्चेंजने, दुसऱ्या टोकाला हाक मारावयाची ती एक्स्चेंजने, इतकेच काय, आकडे कोणत्या ठेक्यावर धाडावयाचे तो ठेकाही एक्स्चेंजनेच धरावयाचा. भजनात टाळकरी कितीही असले तरी लय मृदंग सांभाळतो. आमच्या टेबलावर दोन टाळकरी समोरासमोर बसले होते आणि मृदंगच नव्हता! स्ट्रोजरने ऑपरेटरचा हात काढला, त्याचे काम मात्र त्याला काढता आले नाही. ते पेटीत जाऊन बसले आणि पाहणाऱ्याला दिसेनासे झाले.

मित्राने मुलाला वाट दाखविली. त्या राउटरना दुसरीही एक जोड होती, सिरियल नावाची. तिच्यावर दोन यंत्रे खास तारेने थेट जोडता येतात. पण तिथेही एक अट आहे. एका यंत्राने एक्स्चेंजची जबाबदारी उचलून ठेका धरला पाहिजे. तसे करताच यंत्रे बोलू लागली. आयएसडीएनसाठी मात्र मधली पेटीच हवी होती. घरच्या प्रयोगासाठी तशी लहान पेटी मिळते, तिच्या पोटात एक्स्चेंजची सारी रीत भरलेली असते. परंतु तिची किंमत दोन्ही राउटरांहून अधिक. अखेर पुण्यात एके ठिकाणी ती पाहावयास मिळाली, आणि एका रविवारी दोन्ही यंत्रे पिशवीत घालून आम्ही दोघे एसटीने निघालो.

तो क्षण आम्ही विसरलो नाही. मुलाने एका यंत्रावरून दुसऱ्याला पाच हाका घालण्याचा हुकूम दिला. पहिली वाया गेली. तेवढ्या वेळात निरोपाच्या वाटेवरून विचारणा झाली, होकार आला, मालाची वाट उघडली. उरलेल्या चारही हाकांना उत्तर आले. मग दोन मिनिटे कुणी काही बोलले नाही, तशी यंत्रांनी आपण होऊन वाट बंद केली. उगाच बिल कशाला चढवा!

तो मुलगा आज याच धंद्यात पोट भरतो. आयएसडीएन आता मागे पडले. जपाननेही जानेवारी २०२४ मध्ये तिची आकडे वाहण्याची सोय बंद केली. आज काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो आणि आपल्याला वाटते, मध्ये कुणीच नाही. मध्ये पुष्कळ आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. खांबावर चढणारे, भर पावसात खड्ड्यात उतरून तार सांधणारे कितीतरी हात त्यात होते. त्यांच्या निरोपसमारंभाला दोन्ही टोकांचे आपण कितीजण गेलो?

नव्या यंत्रांशी कामगाराचे वैर नाही, असावयाचेही कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की मधले काम कधी संपत नाही, ते फक्त हातातून हातात जाते. ते कुणाच्या हाती गेले, आणि ज्यांच्या हातून गेले त्यांचे काय झाले, हे विचारणे आपल्याकडे आहे. तो प्रश्न आपण विचारीत राहू. पहिली हाक वाया गेली तरी चालेल.